एकाच इसमाची दोन नावं

नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात, औषधाच्या दुकानाला लागून, गोदावरीचं टेबल होतं. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घ्यायला आलेला माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी तिच्यापुढे यायचा. रेशनकार्ड बघायचं, आधार बघायचं, माणूस योजनेत बसतो की नाही ते सांगायचं. बसत असला तर कागद संगणकावर चढवून मंजुरीला पाठवायचे, नसला बसत तर तेही तोंडावर सांगायचं. हुद्द्याचं नाव आरोग्यमित्र. पाच वर्षं ती हे करत होती आणि नियम तिला तोंडपाठ होते. पिवळं कार्ड बसतं. केशरी बसतं. पांढरं बसत नाही, पण मराठवाड्यातला शेतकरी असेल आणि सातबाऱ्यावर नाव असेल तर पांढऱ्यालाही लाभ मिळतो.

हा शेवटचा नियम ती दिवसातून चार-पाच वेळा लोकांना सांगायची. सांगताना दरवेळी तिचा आवाज थोडा कोरडा व्हायचा, कारण तिच्या घरचं कार्ड पांढरं होतं आणि सातबाऱ्यावर तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं.

नवरा हणमंत विष्णुपुरीच्या एका कॉलेजात क्लार्क होता. कंधार तालुक्यात त्यांचं गाव आणि गावात अकरा एकर जमीन. सासरे वारले तेव्हा वारसांची नावं लावायची वेळ आली. हणमंतनं थोरल्या भावाच्या, रेवणसिद्धच्या नावे हक्कसोड करून दिलं. लोक म्हणाले, लई मोठ्या मनाचा हाय. खरं तर त्याला तसं करायला गोदावरीनंच लावलं होतं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. शहरात भाड्याच्या का होईना, पण फरशीच्या घरात ती राहत होती. "त्या ढेकळांचं आपल्याला काय करायचंय? उगं दरवर्षी वाटणीचं बोलणं नको," असं ती म्हणाली होती.

पुढं अक्षरा झाली. तीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. पोरी उशिरा बोलतात, असं सगळे म्हणत राहिले. एकदा कुकरची शिट्टी तिच्या डोक्यावर झाली आणि ती मान न हलवता खेळत राहिली, तेव्हा गोदावरीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तपासणी झाली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. कानाच्या आत तार बसवायचं ऑपरेशन केलं तर ऐकू येईल, बोलताही येईल, पण ते लहानपणीच व्हायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. खासगीत तो खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. योजनेत तो फुकट होता, वयाची अट पाच वर्षांची.

तेव्हा गोदावरी ह्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिथे बसलेल्या माणसानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "शेती हाय का नावावर?"

त्या दिवसापासून दीड वर्ष ती गावाकडे फेऱ्या घालत राहिली. हणमंतचं नाव सातबाऱ्यावर परत लावा, एक गुंठा लावा, नुसतं नाव लावा. रेवणसिद्ध कधी नाही म्हणाला नाही. पेरणी होऊ दे म्हणाला. मग तलाठी बदलून गेला. मग अधिकमास लागला. सासू केवळाबाई एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, "पोरगी हाय मनून एवढं तरी बरं. मुकी असली तरी घरात खपून जाती." ते वाक्य गोदावरीच्या काळजात रुतलं ते निघालंच नाही. अक्षराला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी घरात केक आणला नव्हता. पोरीनं रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून आईला खुणेनं विचारलं होतं, कुठंय?

नंतर अक्षरा मूकबधिरांच्या शाळेत जाऊ लागली. ओठ वाचायला शिकली, वहीभर चित्रं काढू लागली. गोदावरीनं आरोग्यमित्राची जागा निघाल्याची जाहिरात वाचली आणि अर्ज केला. निदान दुसऱ्यांच्या लेकरांचं तरी होईल, असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि ते ती मनापासून म्हणाली होती.

अक्षरा अकरा वर्षांची होती तेव्हा एका सोमवारी सकाळी टेबलासमोर थोरली जाऊ वर्षाराणी उभी राहिली. कडेवर सत्यम. दोन पोरींच्या पाठीवर नवसानं झालेला. मागं रेवणसिद्ध, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी.

"गोदा," वर्षाराणी म्हणाली आणि तिनं सत्यमला टेबलावर टेकवलं.

रेवणसिद्धनंच सांगितलं. "अंगणवाडीत तपासणीवाले आले होते. ह्याला बी तसंच हाय म्हणत्यात. अक्षरासारखं."

गोदावरीनं सत्यमकडे पाहिलं. गोरा, गुबगुबीत, डोळे अक्षराचेच. तिला रडू यायला हवं होतं. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "वय किती?"

"चार वर्सं आठ महिने."

तिनं कागद घेतले. कार्ड पांढरं. पण त्याच्याखाली सातबारा होता, अकरा एकरांचा, आणि त्यावर एकच नाव. ती ज्याच्यासाठी दीड वर्ष झिजली होती तो कागद ह्यांनी पिशवीतून असा काढून ठेवला, जसं कुणी बसचं तिकीट काढून ठेवावं.

मग तिची नजर नावावर गेली. रेशनकार्डावर आणि आधारवर रेवणसिद्ध होतं. सातबाऱ्यावर जुन्या तलाठ्यानं लिहिलेलं रेवणअप्पा. गावात दोन्ही नावांनी हाक मारत. अशा गोष्टी रोज येत. कोर्टासमोर जायचं, दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं, अर्ध्या तासात काम. हे सांगायला तिला एक श्वास पुरला असता.

"नावात फरक आहे, भावजी," ती म्हणाली. "हे चालत नाही. तलाठ्याकडून सातबारा दुरुस्त करून आणावा लागेल."

हे खोटं नाही, असं तिनं मनाशी धरलं. सातबारा दुरुस्त करता येतोच. त्याला महिने लागतात, एवढंच.

रेवणसिद्धनं मान हलवली. "तू म्हणशील तसं. ह्यातलं तुलाच कळतं."

सत्यमला कानाची साधी मशीन लावून तीन महिने बघायचं होतं. ऑपरेशनआधी ते करावंच लागतं. म्हणून वर्षाराणी दर पंधरा दिवसांनी नांदेडला येऊ लागली आणि येईल तेव्हा दोन दिवस गोदावरीकडे राहू लागली. येताना शेतातली भाजी आणायची, घरात शिरल्या शिरल्या पदर खोचून भांडी घासायला बसायची.

गोदावरीला तिचं काही बघवत नसे. सत्यमला मांडीवर घेऊन त्याच्या कानात "आ, आ, आई" करणारी वर्षाराणी बघवत नसे. केवळाबाईचा दिवसाला तीनदा फोन यायचा, नातवानं काय खाल्लं, मशीन नीट बसली का. अक्षराच्या वेळी तिनं एकदाही फोन केला नव्हता. गावातल्या भजनी मंडळानं सत्यमसाठी नारळ ठेवला होता, सरपंच स्वतः तहसीलमध्ये जाऊन बोलून आले होते. सगळं गाव एका पोराच्या दोन कानांमागे लागलं होतं. आपल्या पोरीच्या वेळी हे गाव कुठं गेलं होतं? हा प्रश्न तिला भाजी निवडताना पडायचा, गाडीवर सिग्नलला थांबली की पडायचा.

आणि सगळ्यात न बघवणारी गोष्ट म्हणजे अक्षरा. तिला सत्यमचं वेड लागलं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून त्याला घेऊन बसायची. पाणी कसं सांगायचं, भूक कशी सांगायची, कुत्रा कसा दाखवायचा, हातांनी शिकवायची. चौथ्या-पाचव्या खेपेला सत्यमनं अंगठा ओठाला लावून पाणी मागितलं, तेव्हा वर्षाराणी अक्षराला जवळ ओढून म्हणाली, "माझ्या लेकराचं पहिलं बोलणं तू शिकवलंस गं माय."

अक्षरानं तिचे ओठ वाचले आणि हसली.

गोदावरी उठून गॅलरीत गेली. दोरीवरचे वाळलेले कपडे तिनं काढले, घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. आत तिघं हसत होती.

इकडे रेवणसिद्ध कंधारच्या चकरा मारत होता. तलाठी म्हणायचा अर्ज मंडळ अधिकाऱ्याकडे गेला. मंडळ अधिकारी म्हणायचे नोटीस निघायची आहे, पंधरा दिवस थांबा. दर फोनला तो सांगायचा, "करून राहिलो, गोदावरी. होऊन जाईल." त्याच्या आवाजात अजिबात राग नसायचा. आणि फोन ठेवला की ती बोटांवर महिने मोजायची. चार वर्षं नऊ. चार वर्षं दहा. त्या मोजण्यात तिला एक गोडवा वाटायचा आणि त्या गोडव्याची तिला भीती वाटायची. तरी ती मोजायची.

सत्यमला पाच पूर्ण व्हायला एकोणीस दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. वर्षाराणी त्याला घेऊन दवाखान्यात आली होती आणि टेबलाजवळच्या बाकड्यावर नंबर येण्याची वाट बघत होती. तेवढ्यात उमरीकडची एक बाई आली. पोरीच्या काळजाला भोक होतं. कागद बघता बघता गोदावरी थांबली. सातबाऱ्यावर गंगाराम, कार्डावर गंगाधर.

"आता काय करू, मॅडम?" बाईचा चेहरा पडला.

"रडू नका, काही नाही त्यात," गोदावरी सवयीनं बोलून गेली. "मालक सोबत आलेत ना? कोर्टासमोर जा, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत म्हणून. अर्ध्या तासाचं काम आहे. जेवायच्या आधी माघारी या, आजच नोंदवते."

बाई हात जोडून पळाली. गोदावरीनं मान वर केली तर वर्षाराणी तिच्याकडे बघत होती.

ती उठली नाही, ओरडली नाही. बाकड्यावरूनच म्हणाली, "तिला अर्धा तास. आणि आमाला तीन महिने?"

गोदावरीला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचली होती, दोन-तीन. तुमचा फरक वेगळा आहे, तेव्हा नियम वेगळा होता.

"तुला ठावं होतं."

"हाव," गोदावरी म्हणाली. "ठाऊक होतं."

सत्यम आईच्या गुडघ्यावर गाडी चालवत होता. वर्षाराणीनं त्याचा हात धरला, गाडी थांबवली, मग सोडून दिला. गोदावरीनं टेबलावरची 'लवकरच येत आहे'ची पाटी फिरवली, खणाला कुलूप लावलं आणि रेवणसिद्धला फोन केला. "भावजी, जे असेल ते टाकून नांदेडला या. आधार आणि दोन फोटो घेऊन. कोर्टासमोर."

कंधारहून बस यायला दोन तास लागणार होते. दोघी जावा कोर्टासमोरच्या लिंबाखाली सिमेंटच्या कट्ट्यावर बसल्या, मधे सत्यम. स्टॅम्पपेपर गोदावरीनं आधीच घेऊन ठेवला होता. पाऊण तास गेला.

मग वर्षाराणी समोर बघतच म्हणाली, "अक्षराच्या टायमाला ह्यांनी नाव लावलं असतं. तलाठी बदलला न्हवता. मीच आडवी पडले."

गोदावरी वळली.

"मी म्हणाले, एकदा नाव लागलं की उद्या वाटा मागतील. तू शहरातली. महिन्याला पगार येतो, घरात फॅन, सणाला ठेवणीतली साडी. तू आली की सासूबाई तुला खुर्ची द्यायची अन् मी शेणाचे हात घेऊन उभी. माझ्याजवळ काय होतं? ते वावरच होतं. त्यातलं बी तुला द्यायचं माझ्या जिवावर आलं." तिनं नाक पुसलं. "मला वाटलं, पोरीचं होईल कसंबी, तुमी शिकलेली माणसं. एवढं लांबंल असं नव्हतं वाटलं. मग सत्यमला ऐकू येत न्हाई म्हणले, तवा पहिल्यांदा मला अक्षराच दिसली."

गोदावरीला वाटलं होतं, हे कधी कुणाच्या तोंडून ऐकलं तर आपलं मन मोकळं होईल. तसं झालं नाही. उलट अंगात एक कळ उठली, की आता उठावं, हा स्टॅम्पपेपर फाडावा आणि घरी जावं. एकोणीस दिवस सहज जातात. तिनं कागदाची कडा धरलीही. सत्यमनं तिची बांगडी ओढली, अंगठा ओठाला लावला. त्याला पाणी हवं होतं. तिनं पर्समधली बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली. एवढं करताना कागद मांडीवरून खाली पडला होता, तो वर्षाराणीनं उचलून झटकून परत तिच्या हातात दिला.

"मी तुम्हाला माफ केलं नाही, अक्का," गोदावरी म्हणाली.

"मी बी न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

अडीचच्या सुमारास रेवणसिद्ध आला. पायजम्याला चिखल, कपाळावर घाम. वकिलानं सांगितलं तिथं त्यानं दोन्ही नावांनी सह्या केल्या, आधी एक मग दुसरी, शाळेतल्या पोरासारख्या जपून. बाहेर आल्यावर त्यानं धाकट्या भावाच्या बायकोला हात जोडले. "तूच काढलीस बघ वाट. आमचं गाडं तलाठ्यापाशीच अडकलं असतं."

गोदावरीनं वर्षाराणीकडे पाहिलं. वर्षाराणी सत्यमची टोपी नीट करत होती. ती नवऱ्याला काही बोलली नाही, त्या दिवशीही आणि नंतरही.

मंजुरी सहाव्या दिवशी आली, ऑपरेशन त्या पुढच्या मंगळवारी झालं. जखम भरायला तीन आठवडे गेले आणि मग मशीन चालू करायचा दिवस आला. छोट्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे होते, केवळाबाईसुद्धा गावाहून आली होती. आवाज तपासणाऱ्या बाईनं संगणकावर काहीतरी केलं आणि सत्यमच्या पाठीमागे हळूच टाळी वाजवली. पोर दचकलं. आधी आईकडे पाहिलं, मग छताकडे, मग त्यानं जे भोकाड पसरलं ते काही केल्या थांबेना. स्वतःचंच रडणं ऐकून तो आणखी रडत होता. खोलीतली सगळी माणसं हसत होती आणि रडत होती.

गोदावरी बाहेर आली. जिन्यात उभी राहून तिनं कठडा घट्ट धरला. तिला आनंद झाला होता, हे खरं. पण त्या आनंदाच्या वर तेलाच्या तवंगासारखा हेवा पसरला होता. तिला त्या पोराच्या रडण्याचाही हेवा वाटत होता. माझी पोर स्वतःचं रडणं कधी ऐकणार नाही, एवढंच तिला सुचत होतं. पाच मिनिटांनी ती खाली टेबलावर गेली. सात माणसं रांगेत होती.

त्या संध्याकाळी तिनं हणमंतला सगळं सांगितलं. तीन महिने काय केलं ते, कोर्टासमोर काय ऐकलं तेही. तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला वाटलं, भावाच्या पोराचं काम अडवलं म्हणून रागावला. पाचव्या दिवशी चहाची बशी पुसता पुसता तो म्हणाला, "मी क्लार्क आहे, गोदा. कॉलेजात पोरांच्या नावातल्या चुकांची किती प्रतिज्ञापत्रं माझ्या हातून जातात? दादानं मला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, नावात फरक निघाला म्हणून."

"मग?"

"मग मी म्हणालो, गोदावरी सांगेल तसं कर."

गोदावरीनं त्याच्या हातातली बशी घेऊन जागेवर ठेवली. त्यानंतर हा विषय त्यांनी एकमेकांपुढे काढला नाही, पण घरात काहीतरी सैल झालं, हेही खरं.

पुढं दोनेक वर्षांत नियम बदलले आणि पांढऱ्या कार्डालाही योजना खुली झाली. आदेशाची प्रत तिच्या टेबलावर आली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली, फलकावर चिकटवली आणि दिवसभर आलेल्या लोकांना समजावून सांगितली. एक गृहस्थ म्हणाले, "बरं झालं बघा मॅडम." ती म्हणाली, "लई बरं झालं." त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

वर्षाराणी आता नांदेडला आली तरी राहायला येत नाही. सत्यमला बोलणं शिकवायचा वर्ग झाला की शेवटच्या बसनं परत जाते. जाताना दवाखान्यात टेबलाशी थांबते, भाजीची पिशवी ठेवते. दोघी मोजकं बोलतात. त्या बोलण्यात राग नसतो. प्रेम असतं असंही म्हणता येत नाही.

मागच्या दिवाळीत मात्र सगळे गावात होते. सत्यम आता सात वर्षांचा, अखंड बडबडा. अंगणात फटाके, पाहुणे, रेडिओ, आणि त्यात वर्षाराणी त्याला अभ्यासावरून रागवत होती. तो शांतपणे ऐकत उभा होता. मग त्यानं हात वर नेला, कानामागची मशीन काढली, खिशात घातली आणि आईच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून गोड हसला. वर्षाराणी आणखी ओरडू लागली आणि तो आणखी हसू लागला. ओट्यावर बसलेली चौदा वर्षांची अक्षरा पोट धरून लोळत होती. ही युक्ती कुणी शिकवली ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

गोदावरीलाही हसू फुटलं. वर्षाराणीनं ते पाहिलं आणि तीही हसली, कपाळावर हात मारून. मग सत्यमनं मशीन परत लावली आणि आतून आजीनं मारलेल्या हाकेला "आलो!" म्हणून पळाला. गोदावरीचं हसू ओठांवरच राहिलं. तो गेला त्या दाराकडे ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग ओट्यावर जाऊन अक्षराच्या केसांत अडकलेला फटाक्याचा कागद काढू लागली.